ढ वरून लढाईचं नाव

आत्या होण्याच्या तीन महिने आधी माझ्या फोनवर एका कागदाचा फोटो आला. पाठवणारे माझ्या भावाचे सासरे. कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी मधोमध रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे 'पोरगा', पलीकडे 'पोरगी', आणि दोन्हीकडे तळापर्यंत नावं. अलीकडे रणवीर, समर, संग्राम, शौर्य, अजिंक्य, योद्धा, रणशिंग. पलीकडे वीरा, विजया, अपराजिता, रणरागिणी, आणि अगदी शेवटी, पुढे प्रश्नचिन्ह घालून, तलवार.

फोटोखाली एक ओळ होती. 'बाय, ह्यातला एक निवर. नाव तुनाच सांगाचा हाय.'

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मला एकच भाऊ, तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी स्वतः लग्न केलेलं नाही. ठाण्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि डोंबिवलीत बाबांबरोबर राहते. म्हणजे हा मान माझ्या वाट्याला येऊन येऊन एकदा, फार तर दोनदा येणार होता. मी तो कागद मोठा करून दोनदा वाचला आणि बाबांना दाखवला.

बाबा संस्कृत शिकवायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी हाताला लाल पेनाची सवय आहे. त्यांनी मला फोटोची प्रिंट काढायला लावली, आधी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि मग म्हणाले, "रणशिंग हे वाद्य आहे. उद्या कुणी नगारा ठेवील."

"बाकीची कशी वाटतात?"

"बाळाच्या नावात लढाई कशाला हवी? माझ्या वर्गात एका वर्षी तीन रणजित होते. लस टोचायला नर्सबाई आल्या की तिघंही माझ्या टेबलाखाली."

बाबांना नदीचं, फुलाचं, फार तर एखाद्या रागाचं नाव हवं होतं. माझं नाव त्यांनी शांततेवरून ठेवलेलं आहे. आमच्या मजल्यावर सगळ्यात मोठा आवाज माझा, हे बिल्डिंगमधलं कुणीही सांगेल. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, मला काहीही चालेल. बाळ नीट होऊ दे." माझा भाऊ इतका मवाळ आहे की झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतो.

त्याची बायको त्याच्याच ऑफिसातली, घोडबंदर रोडची. रोडवरून आत खाडीकडे वळलं की टॉवरांच्या मधोमध त्यांचं जुनं गावठाण लागतं, तिथे त्यांचं तीन मजली घर आहे. तिच्या आजोबांनी मिठागरात काम केलं, वडिलांनी तरुणपणी भात लावला. आता त्या शेतांवर बावीस-बावीस मजले उभे आहेत. तिच्या वडिलांना मी काका म्हणते. अंगानं आडवे, पांढराशुभ्र शर्ट, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. ती नावं त्यांनी गावातल्या क्रिकेटच्या टी-शर्टांच्या पाठीवरून, ट्रकांच्या मागून, पुतण्या-भाच्यांच्या बारशांतून एकेक करून जमवलेली.

सातव्या महिन्यात त्यांच्याकडे डोहाळजेवण झालं. बायकांचं ओटी भरणं, फोटो, जेवणं सगळं आटपल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. बाबांच्या मनात तो कागद घोळत होताच. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "व्याही, राग नसावा, पण एक विचारतो. सगळी नावं लढाईचीच का?"

काका हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते, पण त्यांच्या बोलण्यातली गंमत कागदावर पूर्ण येणार नाही.

"माझ्या आयची तीन पोरा गेली. एक पन वरीसभर जगला नाय. मी चवथा. जल्मलो तवा सुईन बोल्ली, याचा नाव चांगला ठेवू नुको, चांगल्यावर नजर जाते. मंग माना उकिरड्यावर ठेवला, शेजारनीनं उचलून आनला नि आयच्या वटीन टाकला. कचऱ्यानला पोर, कोन नेनार? नि नाव ठेवला दगरावरशी. मरन आला तरी बोलल, ह्यो तं दगर हाय, ह्याना नेऊन काय करू."

दगर म्हणजे दगड, हे मी बाबांना हळूच सांगितलं.

"तं जगलो. आयची काय चूक नाय. पन गुरुजी, त्या नावानं माना लय छळला. शालंन मास्तरांनी परस्पर देवाचा नाव लावला. सातबाऱ्यावर दगर, शालंच्या दाखल्यावर देव. जमिनीच्या कामाना गेलो का सायब इचारायचा, ह्ये दोन मानसा हायेत का एक? कितींदा कोर्टान जाऊन लिवून दिला का दोगंव मीच. नि शिपाय बाहेर येऊन नाव पुकारायचा तवा बाकरावर बसलेली सगली मानसा हसायची."

त्यांनी हात वर करून त्या शिपायासारखी हाक मारून दाखवली. आम्ही हसलो नाही, तेच हसले.

"म्हनून बोल्लो, माझ्या नातवाचा नाव पुकारला का बाकरावरची मानसा उठून उभी ऱ्हायली पायजेत. नातीचा पुकारला तरी. मी दोनी लिवून ठेवलेत."

परत येताना आम्ही रिक्षा केली. कापूरबावडीच्या सिग्नलला बाबा म्हणाले, "माझा विरोध मागे. ठेवा लढाईचं. शुद्धलेखन मात्र मी बघणार."

मुलगी झाली. थंडीचे दिवस होते, ठाण्याच्या हॉस्पिटलात सगळे शाली गुंडाळून बसलेलो. भाऊ आतून बाहेर आला तो रडत आणि हसत. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटतात, असं कुणीतरी म्हणालं. काकांनी पेढेही आणवले, बर्फीही आणवली आणि लिफ्टमनपासून सगळ्यांना दोन्ही दिलं. मग खिशातून तो मूळ कागद काढला, रेघेवरून नीट फाडला, मुलाकडचा भाग घडी करून पाकिटात ठेवला. "ह्यो पुरच्या टायमाना." मुलीकडचा भाग माझ्या हातात दिला.

मी वीरा आणि अपराजिता यांवर बोट ठेवलं होतं. वीरा सुटसुटीत, अपराजिता भारदस्त. चार दिवस मी दोन्ही नावं मनातल्या मनात बाळाच्या कानात सांगून बघत होते.

पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे भावजयीची आई. नवऱ्याच्या अगदी उलट, हळू बोलणारी बाई, पण त्यांनी एखादी गोष्ट धरली की घरातलं कुणी सोडवू शकत नाही. त्यांनी ज्योतिषी गुरुजींकडून पत्रिका करून आणली होती.

"बाय, अक्षर आलाय."

"कोणतं?"

"ढ."

मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. समोर दोन मुलं पुस्तकं परत करायला उभी होती. मी विचारलं, "काकू, ड का?"

"नाय. ढ. ढगाचा. रास धनू, नक्षत्र पूर्वाषाढा, चवथा चरन. मी दोनदा इचारून घेतला."

मी पंचांगातला तक्ता काढून बघितला. सहा-सात तास आधी जन्मली असती तर फ आला असता, त्याच्याही आधी असती तर ध. ध मध्ये धनुर्धराच काय, हवं ते निघालं असतं. मॅडमनी मात्र आरामात यायचं ठरवलेलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चौतीस वर्षं मी पोरांना ढ म्हणत आलो. शेवटी ते माझ्याच घरी आलं."

यावर नेहमीचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. पत्रिकेतलं नाव पत्रिकेत ठेवायचं आणि हाक मारायला वेगळं ठेवायचं. माझं स्वतःचं राशीचं नाव मला आठवतही नाही. मी तसं काकांना सुचवलं. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "बाय, दोन नावा नुको. दोन नावांनी मी जल्म काढलाय. पोरीना एकच नाव." आणि काकू म्हणाल्या, अक्षर सोडायचं नाही. म्हणजे नाव एकच हवं, ते लढाईचं हवं आणि ढ वरून हवं. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे हातात सात दिवस.

पुढचे चार दिवस आमच्या घरात आणि त्यांच्या घरात काय चाललं होतं ते विचारू नका. भावानं ग्रुपवर पहिलं नाव टाकलं, ढाण्या. मी लिहिलं, वाघ आहे तो, आणि तोही नर. त्यानं ढोलकी लिहिलं. भावजय माहेरी पलंगावर पडल्या पडल्या सगळं वाचत होती. तिनं लिहिलं, 'मी जिवंत आहे आणि मला हे सगळं दिसतंय.'

शनिवारी दुपारी बाबा म्हणाले, आता पद्धतशीर जाऊ. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बारीक अक्षर वाचायला बंदी होती. म्हणून मी जाड मराठी शब्दकोश मांडीवर घेतला आणि ढ ची पानं पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लागले. ढ ची पानं थोडी असतात आणि त्यांत चांगलं फारसं काही नसतं. ढकलाढकली, ढब्बू, ढमढम, ढवळाढवळ, ढसाढसा, ढापणे. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक शब्दाला मान हलवून नकार देत होते.

"ढाल," मी वाचलं.

"थांब. हे लढाईतलं आहे. पण मुलीला ढाल म्हणून हाक मारणार? पुढे."

पुढचा शब्द बघून मला वाचवेना. मी पुस्तक मिटून घेतलं आणि हसत सुटले. लहानपणी मी गल्लीत कुणाच्याही भांडणात मध्ये पडायचे, तेव्हा आई मला ओट्यापाशी उभी राहून ज्या नावानं हाक मारायची तोच शब्द होता तो. ढालगज. ढालगज भवानी.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा तो आवाज त्या दुपारी आमच्या दोघांच्याही कानात आला असणार, कारण बाबाही हसत होते आणि चष्मा काढून पुसत होते.

"हसू नकोस, अर्थ वाच," ते म्हणाले. "ढाल म्हणजे पूर्वी निशाणही. सैन्याच्या पुढे ज्या हत्तीवर निशाण असायचं, तो ढालगज. लढाईत सगळ्यांत पुढे तो. आईनं तुला वाईट काही म्हटलेलं नव्हतं."

मी हे गंमत म्हणून काकांना फोनवर सांगितलं आणि फसले. त्यांना ते एकदम आवडलं. "हत्ती? लराईनला? सगल्यांच्या पुरं? चालल की मंग." मागून भावजयीचा आवाज आला, "पप्पा, शाळेत पोरं जगू देतील का तिला?" मग फोन तिनंच घेतला. "ताई, प्लीज. तुम्ही दोघी जणी मिळून जे काय करायचं ते करा, पण हत्ती नको."

"दोघी जणी कोण?"

"तुम्ही आणि तुमची डिक्शनरी."

रविवार उजाडला. नववा दिवस. काकूंचा सकाळीच फोन, "नाव झाला का?" मी म्हटलं, होतंय. होत काहीच नव्हतं. जेवणं झाल्यावर मला वाटलं, गुरुजींनीच चरण मोजताना चूक केली असेल तर? भावजयीनं पत्रिकेचा फोटो पाठवला होता. बाबा म्हणाले, वाच, पण पहिल्या ओळीपासून वाच, मध्येच उडी मारू नकोस. मी वाचायला लागले. जन्मवेळ, जन्मस्थळ ठाणे, वार, तिथी, नक्षत्र पूर्वाषाढा...

"परत वाच."

"नक्षत्र पूर्वाषाढा."

"फोड कर."

मी पंचेचाळिशीकडे आलेली बाई, आणि बाबांनी 'फोड कर' म्हटलं की अजून ताठ बसते. "पूर्वा अधिक अषाढा," मी म्हटलं. "आ अधिक अ, आ."

बाबा खुर्चीतून उठले. गुडघ्यांमुळे ते सहसा हाताचा आधार घेतल्याशिवाय उठत नाहीत. त्यांनी कपाटातला संस्कृतचा कोश मागितला. कापडी बांधणीचा तो कोश मी काढून दिला, आणि बंदी विसरून ते स्वतःच पानं उलटायला लागले. पानावर मला शब्द सापडेना म्हणून त्यांनीच बोट ठेवलं. मी वाचलं. अषाढ, विशेषण. अजिंक्य, ज्याला कोणी जिंकू शकत नाही असा.

"सह् धातू," बाबा म्हणाले. "सह् म्हणजे जिंकणं, भारी पडणं. ज्याच्यावर कुणी भारी पडलं तो साढ. ज्याच्यावर कुणीच पडू शकलं नाही तो अषाढ. अषाढा म्हणजे अजिंक्य अशी ती. अगं, नक्षत्राचं नावच लढाईचं आहे. तिसऱ्या अक्षराला ढ आहे. आणि मी इतकी वर्षं शिकवतोय आणि पोरांना सांगतोय की ढ नं काही चांगलं होत नाही." ते खाली बसले. "खरा ढ मी."

मी फोन उचलला तसा त्यांनी माझा हात धरला. "फोनवर नको. अशी गोष्ट जाऊन सांगायची."

आम्ही लगेच निघालो. ठाण्याला उतरून रिक्षा केली, आणि घोडबंदर रोडला नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलेला. इतर वेळी बाबा वैतागतात, त्या दिवशी त्यांनी रिक्षावाल्याला गाठलं. तो साताऱ्याकडचा, पस्तिशीचा, नुकतीच त्याला दुसरी मुलगी झालेली. बाबांनी त्याला धातूपासून सगळं समजावलं. तो आरशातून बघत लक्ष देऊन ऐकत होता.

"आजोबा, भारीये नाव," तो म्हणाला. "पण लोक विचारणार, आषाढात झाली का?"

बाबांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "विचारू देत. प्रत्येक वेळी अर्थ सांगायला मिळेल."

आम्ही पोचलो तेव्हा काकू बाळंतिणीचा शेक आटपून हॉलमध्ये शेगडी विझवत होत्या. घरभर ओवा आणि शेपाचा वास. भावजय तक्क्याला टेकून बसलेली, बाळ तिच्या मांडीवर, भाऊ बाजूला लंगोट वाळत घालायला घेऊन उभा. काका आतून आले. बाबांनी उभ्या उभ्याच सांगितलं. नाव, फोड, धातू, अर्थ, शेवटी ढ. असे ते शाळेच्या तपासणीच्या दिवशी बोलत असणार.

काकांनी नाव तोंडात घोळवून बघितलं. "असारा."

"अषाढा," बाबा म्हणाले. "ढा."

"तेच बोल्लो. असारा."

काकांच्या बोलीत गाडीची गारी होते आणि घोड्याचा घोरा. ज्या अक्षरासाठी चार दिवस सगळ्यांची झोप उडाली होती, ते त्यांच्या तोंडात शिरल्याबरोबर नाहीसं झालं. भावजयीला हसू आवरेना, बाळ दचकून जागं झालं. बाबांनी आणखी एकदा "ढा" म्हणून बघितलं, काकांनी आणखी एकदा "रा" म्हटलं, आणि मग दोघं एकमेकांचा हात धरून सोफ्यावर बसले.

पण काकू अजून काही बोलल्या नव्हत्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. त्यांनी शेगडी बाहेर नेऊन ठेवली, हात धुतले, पदराला पुसले.

"अक्षर पयला पायजे ना पन," काका हळूच म्हणाले. बायकोची बाजू त्यांनीच मांडून टाकली.

"अक्षर कुठशी आला?" काकूंनी त्यांना विचारलं. "नक्षत्राशीच आला ना? मंग नक्षत्रच घरान आनला तं अक्षर रुसल कशाना?" एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. पत्रिकेच्या गुरुजींनासुद्धा याहून चांगलं उत्तर सुचलं नसतं.

आता राहिली बाळाची आई. मला त्या वेळी लाज वाटली, की आम्ही सगळे आळीपाळीनं बोललो आणि जिनं नऊ महिने पोटात वागवलं तिला शेवटी विचारतोय. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "तुला आवडलं का?"

तिनं बाबांना विचारलं, "म्हणजे हिला कुणी हरवू शकत नाही, हाच अर्थ ना?"

"हाच," बाबा म्हणाले. "आणि गंमत बघ, सहन हा शब्दही त्याच धातूचा. सोसणं. जिंकणं आणि सोसणं एकाच..."

"ते नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बाबा थांबले. "सोसायचं बिसायचं काही नाही. लोकांना सांगताना पहिलाच अर्थ सांगायचा."

बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मान्य." मी बाबांना इतक्या पटकन माघार घेताना दुसऱ्यांदा पाहत होते, आणि दोन्ही वेळा याच घरातल्या माणसांमुळे.

भाऊ अजून लंगोट हातात धरून उभा होता. तो म्हणाला, "मला आवडलं." कुणीतरी त्याला विचारेल म्हणून तो थांबला असावा.

बारसं गावातल्या हॉलमध्ये झालं. काकांनी अख्खं गाव बोलावलं होतं, आमच्या बाजूचे आम्ही जेमतेम वीसजण. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांचं पातेलं, नटवलेला वरवंटा. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत आधी वरवंटा आणि मग बाळाला पाळण्याच्या खालून-वरून दिलं-घेतलं. मग मला पुढे ढकललं.

कानात नाव सांगताना सगळ्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत मला माहीत होती. आमच्याकडच्या बारशांत मी स्वतः दुसऱ्यांच्या आत्यांना हलकेच थोपटलं होतं. पण इथे माझ्या मागे काकूंच्या चार बहिणी उभ्या होत्या. लहानपणी भाताचे भारे डोक्यावरून वाहिलेल्या बायका. पहिल्या धपाट्यालाच मी पाळण्यावर ओणवी झाले.

बाळाचा कान माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा थोडासाच मोठा होता. आत अजून तेलाचा ओशटपणा होता. मी 'कुर्रर्र' केलं. त्या तीन दिवसांत मी ते नाव कितीतरी वेळा मोठ्यानं बोलले होते, फोनवर, रिक्षात, शेजारणीला, कॉलेजातल्या शिपायाला. तरी त्या क्षणी मी नाव न घेता परत 'कुर्रर्र'च केलं. मागून काकूंची थोरली बहीण म्हणाली, "आगं बोल की, किती मार खाशील." मग मी सांगितलं. अषाढा. तिनं एक मोठी जांभई दिली आणि माझी करंगळी पकडली.

जेवणाच्या पंगतीत काका प्रत्येक टेबलाशी जाऊन अर्थ सांगत होते. मी मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं. "संसकृत हाय. सह धातू. आमचे गुरुजी बोल्ले. हिना कोन जिकू शकत नाय." कुणी विचारलं, आषाढातली का, की ते म्हणायचे, "पूसातली हाय. नाव म्हैन्याचा नाय, लराईचा हाय." बाबा कोपऱ्यात बसून श्रीखंड खात होते, आणि लांबून ओठांनीच काकांचे उच्चार दुरुस्त करत होते.

दुसऱ्या दिवशी मला पाठ टेकून खुर्चीत बसता येईना. लायब्ररीत विद्यार्थ्यांनी विचारलं, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, आत्या झाले.

आता ती अडीच वर्षांची आहे. स्वतःचं नाव 'अछाला' सांगते. रविवारी आम्ही सगळे काकांकडे जमतो. तिला सध्या लपाछपीचं वेड आहे, पण तिची खेळायची पद्धत वेगळी आहे. राज्य नेहमी आमच्यावर. ती हॉलच्या मधोमध उभी राहते आणि स्वतःचे डोळे हातांनी झाकते. तिला कुणी दिसत नाही म्हणजे ती कुणाला दिसत नाही, असा हिशोब. मी एकदा तिला उचलून 'सापडली' म्हणाले, तर तिनं मला नीट समजावलं, "नाही शापडले. पलत शोध."

मग आम्ही परत शोधतो. बाबा गुडघे धरून सोफ्याखाली वाकतात, काका फ्रीज उघडून आत बघतात, भाऊ पडदे हलवतो, भावजय कॉलवर असली तरी एका हातानं कपाटाचं दार लावल्यासारखं करते. काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "गावली का?" आणि सगळे मिळून ओरडतो, नाही. ती हॉलच्या मधोमध उभी असते, डोळे गच्च झाकून, हसून हसून तोल जात असतो तिचा.